बोट कोणाच्या खात्यावर

पॉवर प्रेसइतके साधे यंत्र कारखान्यात दुसरे सापडणार नाही. एका बाजूला जड फ्लायव्हील फिरत असते. ऑपरेटरने पायडल दाबले की क्लच अडकतो, रॅम खाली येतो, पंच डायवर बसतो आणि मध्ये ठेवलेल्या पत्र्याचा ब्रॅकेट होतो, नाहीतर वॉशर, नाहीतर बिजागरीचा तुकडा. पुण्याजवळच्या भोसरी, तळवडे, चिखलीच्या गाळ्यांत आणि पलीकडे चाकणभोवतीच्या महाळुंगे, कुरुळी, खराबवाडी, निघोजे परिसरातल्या शेडमध्ये दिवसरात्र हेच चाललेले असते. मोटारीचे दरवाजे, बोनेट, छत असे मोठे भाग बड्या कंपन्यांच्या स्वतःच्या प्रेस शॉपमध्ये निघतात. तिथे पत्रा उचलायला रोबो असतो, भोवती जाळी असते आणि जाळीचे दार उघडले की सगळी रांग थांबते. माणसाचा हात तिथे पोचतच नाही. लहान भाग मात्र बाहेर जातात. आधी पुरवठादाराकडे, त्याच्याकडून त्याच्या पुरवठादाराकडे, आणि शेवटी दहा-बारा माणसांच्या एखाद्या गाळ्यात. तिथे पत्रा डायवर ठेवतो तो हात आणि तयार झालेला भाग उचलतो तोही हातच. रॅम खाली यायच्या आत हात बाहेर निघाला नाही तर बोट जाते.

या पट्ट्यातल्या कोणत्याही औद्योगिक सुरक्षा सप्ताहात या प्रश्नावर एक ठरलेले उत्तर मिळते: सेन्सर लावा. रॅमच्या तोंडाशी अदृश्य किरणांचा पडदा असावा, हात आत गेला की किरण तुटावेत आणि प्रेस थांबावा. उत्तर चुकीचे नाही, पण ते जुने आहे. जर्मनीत एर्विन झिक यांनी असा प्रकाशपडदा १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच तयार केला होता. म्हणजे पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली त्याच सुमारास, आणि भोसरीत एमआयडीसी यायच्या आधी. जे साधन सत्तर वर्षांपासून बाजारात आहे, ज्याची किंमत आज काही दहा हजारांच्या घरात आहे, ते ज्या यंत्रावर हवे त्याच यंत्रावर का नसते? माझ्या मते याचे उत्तर अज्ञान हे नाही आणि गरिबी हेही पुरते उत्तर नाही. तुटलेले बोट आपल्याकडे अशा एकाही माणसाच्या खर्चाच्या वहीत पडत नाही, ज्याच्या हातात सेन्सर विकत घेण्याचा निर्णय असतो. तंत्रज्ञानाचा म्हणून सांगितला जाणारा हा प्रश्न मुळात हिशेबाचा आहे.

वाहन उद्योगाच्या पुरवठासाखळीतल्या अशा जखमांचे सर्वांत सलग काम ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेने केले आहे. २०१९ पासून तिचे ‘क्रश्ड’ नावाचे वार्षिक अहवाल येत आहेत. सुरुवात हरियाणातल्या गुरुग्राम-फरिदाबाद पट्ट्यापासून झाली, पुढे त्यात महाराष्ट्रही आला. जखमी कामगारांना कर्मचारी राज्य विमा योजनेचे लाभ मिळवून देता देता जमलेली ही माहिती आहे, त्यामुळे ती संपूर्ण उद्योगाची शिरगणती म्हणून वाचता येणार नाही. पण तिच्यात वर्षानुवर्षे दिसणारे चित्र तेच राहते. चिरडण्याच्या जखमांत पॉवर प्रेसचा वाटा सर्वांत मोठा. अशा अपघातात एका कामगाराची सरासरी दोनच्या आसपास बोटे जातात. जखमींत बहुतेक स्थलांतरित, बरेचसे ठेकेदारामार्फत आलेले. बहुतेकांच्या सांगण्यानुसार यंत्रावर सेन्सर नव्हता. आणि अनेकांचे विमा योजनेचे कार्ड निघाले ते बोट तुटल्यावर. या शेवटच्या मुद्द्याकडे पुन्हा यायचे आहे.

आधी सेन्सरचेच पाहू, कारण ‘लावला की झाले’ या कल्पनेत एक तांत्रिक घोटाळा आहे. लहान गाळ्यांतले बहुतेक जुने प्रेस चावीच्या क्लचवर चालतात. एकदा चावी अडकली की रॅम खाली जाऊन पुन्हा वर येईपर्यंत तो कोणालाच थांबवता येत नाही, कारण फेरी पूर्ण होण्याआधी क्लच सुटतच नाही. अशा प्रेसवर प्रकाशपडदा बसवला तर तो हात आत गेल्याची नोंद घेईल, दिवाही लागेल, पण रॅम खाली यायचा तो येईलच. पडद्याचा उपयोग व्हायचा तर क्लच हवेच्या दाबावर चालणारा हवा, म्हणजे मधेच सोडता येणारा, आणि त्याच्या जोडीला चांगला ब्रेक हवा. याहून वाईट गोष्ट अशी की चावी किंवा तिची स्प्रिंग झिजली की प्रेस ‘डबल मारतो’. पायडल एकदाच दाबलेले असते, रॅम दोनदा येतो, आणि दुसऱ्यांदा येतो तेव्हा हात तयार भाग उचलायला आत गेलेला असतो. तेव्हा इथे खरी गरज यंत्र बदलण्याची किंवा निदान देखभालीची असते. आणि देखभाल ही वस्तू नसल्यामुळे तिचे उद्घाटन करता येत नाही.

जिथे साधन योग्य आहे तिथेही ते चालू राहीलच असे नाही. दोन्ही हातांनी दोन बटणे एकदम दाबल्याशिवाय रॅम हलू नये, अशी रचना जगभर रूढ आहे. पण त्यातले एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवले की एक हात मोकळा होतो आणि भाग भराभर निघतात. हे ऑपरेटर करतो, सुपरवायझरला ते दिसते, आणि दोघेही गप्प असतात, कारण टार्गेट दोघांच्याही मानेवर असते. इथे थोडे गणित करावे. मिनिटाला बारा स्ट्रोक धरले तर तासाला ७२० आणि बारा तासांच्या शिफ्टमध्ये, जेवणखाण वगळले नाही तर, ८,६४० वेळा हात आत जातो आणि बाहेर येतो. प्रत्येक भागामागे एक सेकंद वाचला तर शिफ्टअखेर दोन तासांपेक्षा जास्त वेळ वाचतो. ज्या जॉबवर्कचा दर नगामागे पैशांत ठरतो, तिथे हे दोन तास म्हणजेच नफा. चिकटपट्टी या गणितातून येते.

इथे नेहमीचा आक्षेप येतो: ‘पण त्याने हात घातलाच कशाला?’ चहाच्या टपरीवर हा प्रश्न निघतो तसाच चौकशीच्या टेबलावरही, आणि त्याला एक प्रतिष्ठित पूर्वज आहे. ट्रॅव्हलर्स या अमेरिकी विमा कंपनीतले हर्बर्ट हाइनरिख यांनी १९३१ मध्ये असे मांडले की ८८ टक्के औद्योगिक अपघातांचे मूळ कामगाराच्या असुरक्षित कृतीत असते. मालक आणि विमा खात्यांच्या नोंदींवरून त्यांनी हे वर्गीकरण केले होते. म्हणजे अपघात कोणामुळे झाला याची साक्ष मुख्यतः मालकाचीच होती. तरीही ‘असुरक्षित कृती’ हा शब्द आजही कारखान्यांच्या भिंतींवर पाट्या होऊन लटकतो. त्यापुढचे विचारवंत दुसरीकडे पाहतात. एमआयटीतल्या नॅन्सी लेव्हसन यांनी अपघात हा एका चुकीचा परिणाम मानण्याऐवजी नियंत्रणाच्या साखळीतला बिघाड म्हणून पाहायला सांगितले. काम कसे आखले, वेग कोणी ठरवला, यंत्राची स्थिती कोणाला ठाऊक होती, या सगळ्याची ती साखळी. आठ हजार सहाशे चाळीसपैकी एका वेळी लक्ष ढळणे ही माणसाची प्रकृती आहे. तेवढ्यासाठी बोट जावे अशी कामाची आखणी हा मात्र कोणाचा तरी निर्णय असतो.

मानववंशशास्त्रज्ञ मॅडेलिन एलिश यांनी याच प्रकाराला जे नाव दिले, ते चाकणमध्ये मुद्दाम सांगण्याजोगे आहे. मोटार आदळली की पुढचा पत्रा ठरवल्याप्रमाणे चुरगळतो, धक्का पोटात घेतो आणि आतला प्रवासी वाचतो. मोटारीच्या त्या भागाला क्रंपल झोन म्हणतात. गुंतागुंतीच्या यंत्रव्यवस्थेत काही बिघडले की सगळ्यांत जवळचा माणूस दोष पोटात घेतो आणि व्यवस्था शाबूत राहते. त्या माणसाला एलिश ‘नैतिक क्रंपल झोन’ म्हणतात. ऑक्टोबर २०२३ पासून भारतात मोटारींना सुरक्षेचे तारे देणारी भारत एनकॅप ही योजना सुरू आहे. आदळल्यावर आत बसवलेल्या पुतळ्याच्या छातीवर किती दाब आला, मान किती वाकली, हे सगळे मोजून पाचपैकी तारे मिळतात आणि जाहिरातीत झळकतात. त्याच मोटारीतला सीटखालचा ब्रॅकेट दाबताना किती बोटे गेली, यासाठी तारा नाही. पुतळ्याचे दुखणे मोजायचे शास्त्र आपल्याकडे आहे. माणसाच्या बोटाचे मोजमाप एकाच ठिकाणी होते, नुकसानभरपाईच्या अनुसूचीत.

त्या अनुसूचीपर्यंतचा रस्ता मुंबईतून जातो. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेऊन मागण्यांचे निवेदन तयार केले. आठवड्याची सुट्टी सगळ्यांना आठवते. पण त्याच निवेदनात अशीही मागणी होती की कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचा अपंग झाल्यास त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी. साडेपाच हजार कामगारांनी त्यावर सह्या केल्या. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली, भरपाईचा कायदा यायला मात्र १९२३ उजाडले. त्या कायद्याच्या अनुसूचीत शरीराचा एकेक तुकडा टक्क्यांत मांडला होता. कमावण्याची किती ताकद गेली, याचे ते टक्के. अंगठा ३०. तर्जनी पूर्ण गेल्यास १४, तिचे एकच पेर गेल्यास ९. मधले बोट १२. अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची दोन बोटे २०, तीन ३०, चारही ५०. कर्मचारी राज्य विमा योजनाही याच पद्धतीने मोजते. पंधरा हजार पगाराच्या कामगाराची दोन बोटे गेली तर पगाराच्या नव्वद टक्क्यांचे वीस टक्के, म्हणजे महिन्याला साधारण २,७०० रुपये. ते आयुष्यभर मिळतात, आणि हा मोठा आधार आहे यात शंका नाही. ही योजना नसती तर काय झाले असते, ते १८८४ च्या निवेदनात दिसतेच.

पण पैसे कोण देते तेही पाहायला हवे. राज्य विमा योजनेत मालकाचे अंशदान २०१९ पासून पगाराच्या ३.२५ टक्के आहे आणि कामगाराचे ०.७५ टक्के. ज्या गाळ्यात दहा वर्षांत कोणाला खरचटलेही नाही त्याचे अंशदान ३.२५ टक्के, आणि जिथे दरवर्षी बोटे जातात त्याचेही तेवढेच. विमा लागू असला की मालकाविरुद्धचा भरपाईचा दावा बंद होतो, म्हणजे भरपाई निधीतून जाते आणि मालकाच्या वहीत नवी ओळ चढत नाही. राज्य विम्याच्या १९४८ च्या मूळ कायद्यात याची जाणीव होती. सुरक्षेचे नियम न पाळल्याच्या हलगर्जीपणातून इजा झाली असेल तर महामंडळाने दिलेला लाभ मालकाकडून वसूल करता यावा, असे कलम ६६ त्यात होते. १९६६ च्या दुरुस्तीने ते काढून टाकले. माझ्या मते आपल्या औद्योगिक सुरक्षेच्या इतिहासातली ही फार महागात पडलेली आणि फार कमी बोलली गेलेली घटना आहे. सामाजिक विमा कामगाराला मिळाला हे उत्तम झाले. त्याबरोबर बेफिकिरीचाही विमा उतरवला गेला. आणि मघाचा तो कार्डाचा मुद्दा इथे येऊन जुळतो. अपघातानंतर नोंदणी करून घेता येत असेल, तर ३.२५ टक्केसुद्धा बोट गेल्यावरच सुरू होतात.

हे केवळ आपल्याकडचे वैगुण्य नाही. अमेरिकेत रेल्वेचे डबे हाताने साखळीखिळ्यात अडकवायचे दिवस होते, तेव्हा ब्रेकवाल्याची जुनी नोकरी त्याच्या तुटक्या बोटांवरून ओळखू येई म्हणत. आपोआप अडकणाऱ्या जोडणीचे पेटंट ईली जॅनी यांनी १८७३ मध्ये घेतले. ती सक्तीची करणारा कायदा १८९३ मध्ये झाला आणि मुदतवाढी धरून तो १९०० मध्ये पूर्ण लागू झाला. सत्तावीस वर्षे साधन हाताशी होते आणि बोटे तुटत होती, कारण जोडणीचा खर्च कंपनीचा होता आणि बोट ब्रेकवाल्याचे. ब्रिटनमध्ये पॉवर प्रेसचे नियम १९६५ मध्ये आले. त्यांतला सर्वांत मोलाचा भाग विजेवर चालणारा नव्हताच. नेमलेल्या, प्रशिक्षित माणसाने प्रत्येक शिफ्टच्या पहिल्या चार तासांत आणि डाय बदलल्यावर संरक्षक जाळी तपासायची आणि स्वतःच्या नावाने सही करायची. सहीखाली नाव असले की चिकटपट्टी दिसत नाही असे म्हणता येत नाही. भोसरीच्या गाळ्यात सेन्सरआधी ही वही आणता येईल, आणि तिला वीजही लागत नाही.

लघुउद्योजकाचा आक्षेप ‘हात घातलाच कशाला’ याहून वजनदार आहे, आणि तो झटकून टाकण्यात अर्थ नाही. तो वरच्या कंपन्यांना म्हणतो, दर तुम्ही ठरवता, वर्षागणिक दर कमी करून मागता, पैसे तीन-तीन महिने अडकतात, मग हवेचा क्लच मी कशातून बसवू? २००६ च्या कायद्याने लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यायला सांगितले. पुढे प्राप्तिकर कायद्यात त्यासाठी वेगळे कलम घालावे लागले, यावरूनच ४५ दिवस किती पाळले जात होते ते कळते. हा माणूस बरोबर बोलतो, पण त्याच्या तक्रारीचा पत्ता वर आहे. आणि वरून उत्तर येते की तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच्या गाळ्यापर्यंत आमचा हात पोचत नाही. हे उत्तर टिकत नाही. ब्रॅकेटला चीर गेली तर तो कोणत्या दिवशी, कोणत्या यंत्रावर, पोलादाच्या कोणत्या घाण्यातून निघाला, हे याच कंपन्या शोधून काढतात. दोष दहा लाखांत किती, असा हिशेब ठेवतात. गाळ्यात येऊन प्रक्रियेचे तक्ते तपासतात. शिवाय डाय बऱ्याचदा गाळामालकाची नसतेच. ती वरच्या पुरवठादाराची किंवा खुद्द वाहन कंपनीची मालमत्ता असते, तिच्यावर क्रमांक कोरलेला असतो आणि ती कुठे आहे याची नोंद असते. ज्या डायमध्ये बोट गेले ती डाय ज्याच्या ताळेबंदात आहे, त्याला ते बोट आपल्या हिशेबाबाहेरचे म्हणता येणार नाही. सुमंत मुळगावकरांच्या टेल्को या वाहन कंपनीने १९६० च्या दशकात पिंपरीत यंत्रे आणि शिकाऊ कामगार घडवण्यापासून सुरुवात केली होती. तेव्हा डाय, प्रेस आणि हात एकाच भिंतीच्या आत होते. भिंत मधे आली ती खर्च बाहेर टाकण्यासाठी, आणि जोखीमही तिच्याबरोबर बाहेर गेली.

तेव्हा अंशदान अपघातांच्या नोंदीशी जोडावे, आणि वाढीव बोज्याचा भाग ज्याची डाय त्याच्याकडून घ्यावा, एवढेच माझे म्हणणे आहे. जर्मनीत उद्योगवार अपघात विमा मंडळे धोक्याच्या वर्गाप्रमाणे हप्ते ठरवतात, अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत कारखान्याच्या पूर्वेतिहासावर हप्ता हलतो. यावर सर्वांत खरा आक्षेप असा की अपघात महाग केले की ते लपवले जातील. जखमीला सरकारी रुग्णालयात नेण्याऐवजी खासगी दवाखान्यात रोख पैसे भरून टाके घातले जातील आणि हातात काही हजार ठेवून गावी पाठवले जाईल. हा धोका खरा आहे, परदेशातही तो दिसला आहे. पण आज अपघात महाग नसतानाही लपवले जातात, आणि नोंदीची जागा बदलली तर लपवणे अवघड करता येते. नोंद मालकाच्या अर्जावर अवलंबून न ठेवता रुग्णालयाच्या दारात व्हावी. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात किंवा चिंचवडच्या मोहननगरमधल्या राज्य विमा रुग्णालयात यंत्राची जखम आली की तिची कागदोपत्री नोंद होते. तीच नोंद खासगी हस्तशल्यचिकित्सकांनाही सक्तीची करून औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे त्याच दिवशी जावी. संगणकाने सोडवावा असा या विषयात कुठला प्रश्न असेल तर तो हा आहे, दोन खात्यांच्या याद्या जुळवण्याचा.

सध्या मात्र तंत्रज्ञानाचा ओढा दुसरीकडे आहे. कामगाराने हेल्मेट घातले का, तो पिवळ्या रेषेबाहेर गेला का, हे ओळखणारे कॅमेरे आता विकायला आले आहेत. त्यांचा उपयोग अजिबात नाही असे नाही, पण कॅमेऱ्याचे तोंड कोणाकडे आहे ते पाहावे. तो हाताकडे पाहतो, क्लचच्या झिजलेल्या चावीकडे नाही. हाइनरिखचे ८८ टक्के त्यात नव्याने कोरले जातात, या वेळी चित्रफितीच्या पुराव्यासकट. कायद्याचीही चाल उलटीच दिसते. २०२० च्या व्यवसाय सुरक्षा संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याची कामगारसंख्येची अट दहावरून वीसवर नेली. म्हणजे जिथे बोटे जातात तेच गाळे कारखान्याच्या व्याख्येबाहेर सरकण्याची सोय झाली. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलीजवळच्या कुदळवाडीत महापालिकेने हजारो पत्राशेड पाडले, तेव्हा चर्चा अतिक्रमण आणि प्रदूषणाची झाली. लहान कामाची जागा हलली तरी काम थांबत नाही. ते पुढच्या गावात दुसऱ्या शेडमध्ये सुरू होते, आणि जुन्या पत्त्यावर असलेली उरलीसुरली नोंद तेवढी पुसली जाते.

अपघात झाल्यावर राज्य विमा महामंडळाकडे जो नमुना भरावा लागतो, त्यात यंत्राचे नाव विचारलेले असते, कोणत्या भागाने इजा झाली ते असते, यंत्र तेव्हा शक्तीवर चालू होते का हेही असते. जखमी कामगार कायद्याच्या किंवा मालकाच्या हुकमाविरुद्ध वागत होता का, सूचना नसताना काम करत होता का, यासाठी स्वतंत्र ओळी आहेत. त्या ओळींखाली आणखी एक ओळ बसण्याइतकी जागा सहज निघेल: डाय क्रमांक, आणि ती कोणाच्या मालकीची.